रिस्पा : वारशानं आलेला दोष आणि एका आईचा पहारा

मागच्या व्याख्यानात आपण ईयोबाचं पुस्तक पाहिलं. तिथे प्रश्न एका माणसाचा होता : काहीही वाईट न करता माझ्या वाट्याला हे का यावं? आजचा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे, पण जास्त अडचणीचा. बापानं केलेल्या अन्यायाची भरपाई मुलांनी करायची का? करायची असेल, तर कशानं करायची? आणि ती करून झाल्यावर न्याय झाला, असं नक्की केव्हा म्हणायचं?

यासाठी आपण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला एकविसावा अध्याय घेऊ. त्यातली पहिली चौदा वचनं एवढाच आपला मजकूर. नावं मराठी बायबलमध्ये येतात तशीच घेतो, म्हणजे ज्यांना घरी जाऊन पडताळून पाहायचं आहे त्यांना सोपं जाईल.

काय घडलं

दावीद राजा आहे. त्याच्या राज्यात दुष्काळ पडतो. एक नाही, लागोपाठ तीन वर्षं. दावीद परमेश्वराला कारण विचारतो. उत्तर मिळतं की शौलामुळे आणि रक्तानं माखलेल्या त्याच्या घराण्यामुळे हे झालं आहे, कारण शौलानं गिबोनी लोकांना मारलं. शौल हा दाविदाच्या आधीचा राजा, इस्राएलाचा पहिला राजा. तो लढाईत मरून गेलेला आहे.

दावीद गिबोनी लोकांना बोलावतो आणि विचारतो, तुमच्यासाठी काय करू? ते म्हणतात, आम्हाला सोनं-चांदी नको; शौलाच्या वंशातले सात पुरुष आमच्या हवाली करा. राजा देतो. शौलाची उपपत्नी रिस्पा, तिचे दोन मुलगे, अरमोनी आणि मफीबोशेथ; आणि शौलाच्या मुलीचे पाच मुलगे. (ही मुलगी कोण, यावर हस्तलिखितांत एकमत नाही. बहुतेक हिब्रू प्रतींत मीखल आहे. पण मीखलला मूल झालंच नाही असं त्याच पुस्तकात आधी सांगितलंय, आणि अद्रीएलाची बायको मेरब होती. त्यामुळे मेरब हे नाव जास्त जुळतं.) शौलाच्या गावात, गिबा इथे, डोंगरावर सातही जणांना एकदम मारतात आणि प्रेतं उघड्यावर ठेवतात. मारण्याच्या पद्धतीसाठी जे हिब्रू क्रियापद आहे त्याचा नेमका अर्थ फाशी, सुळावर देणं की आणखी काही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रेतं उघड्यावर राहिली, एवढं मात्र स्पष्ट आहे.

हंगाम सातूच्या कापणीचा, म्हणजे आपल्या हिशेबानं एप्रिलच्या सुमाराचा. रिस्पा गोणपाट घेते, खडकावर अंथरते आणि तिथे बसते. दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना ती प्रेतांजवळ येऊ देत नाही. किती दिवस? आकाशातून त्यांच्यावर पाणी पडेपर्यंत. त्या प्रदेशात वसंतातला पाऊस संपला की पुढचा नेहमीचा पाऊस ऑक्टोबरच्या आसपास येतो. म्हणजे अवकाळी सर आली नसेल, तर हे पाच-सहा महिने झाले.

ही गोष्ट दाविदाच्या कानावर जाते. मग तो उठतो, शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवतो, या सात जणांच्या अस्थी गोळा करवतो, आणि बन्यामीन प्रांतात शौलाचा बाप कीश याच्या कबरेत दफन होतं. त्यानंतर देवानं देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असं लिहून कथा संपते.

गिबोन्यांची बाजू

आपल्या मनात पहिली प्रतिक्रिया येते ती गिबोन्यांच्या विरोधात. सात निरपराध माणसं मागितली, केवढे क्रूर! पण आपण जरा थांबू. त्यांची तक्रार खोटी नाही, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय पाहा. इस्राएली लोक कनान देशात शिरत आहेत. गिबोनचे लोक घाबरून एक युक्ती करतात. झिजलेले जोडे, फाटकी वस्त्रं, बुरसलेली भाकरी घेऊन येतात आणि सांगतात, आम्ही फार दूरच्या देशातून आलो, आमच्याशी करार करा. इस्राएलाचे सरदार देवाचा सल्ला न घेता शपथ घेऊन मोकळे होतात. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारीच राहतात! लोक चिडतात. पण सरदार म्हणतात, शपथ घेतली ती घेतली. गिबोन्यांना जीवदान मिळतं आणि त्याबरोबर लाकूड फोडण्याचं, पाणी भरण्याचं कायमचं काम. पुढच्याच अध्यायात पाच राजे गिबोनवर चालून येतात तेव्हा यहोशवा त्यांच्या रक्षणासाठी धावून जातो. करार फसवणुकीतून झाला असला, तरी पाळला गेला.

हे गिबोन काल्पनिक नगर नाही, बरं का. यरुशलेमच्या वायव्येला आठ-दहा किलोमीटरवर अल-जीब नावाचं गाव आहे. १९५६ ते १९६२ या काळात जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ‘गिबोन’ असं कोरलेले घागरींचे कान सापडले. खडकात खोदलेला पाण्याचा प्रचंड मोठा हौदही मिळाला.

तर शौलानं मोडली ती ही शपथ. इस्राएल आणि यहूदा यांच्याविषयीच्या आवेशातून त्यानं त्यांना संपवायचा प्रयत्न केला, एवढंच मजकूर सांगतो. शौलाच्या चरित्रात या कत्तलीचं वर्णन कुठेच नाही. म्हणजे ज्यांची माणसं मेली त्यांची हकिगत इतिहासात नोंदवायच्या लायकीचीही ठरली नाही. ती बाहेर आली ती दुष्काळ पडल्यावर. दुबळ्यांवर झालेला अन्याय राज्यकर्त्यांना आठवतो तो स्वतःच्या ताटाला झळ लागल्यावर, हे काही फक्त प्राचीन काळचं नाही.

आणि गिबोन्यांनी पैसा नाकारला, हेही सहज घेऊ नये. पैसे घेतले असते तर प्रकरण मिटलं असतं, सगळे मोकळे. गणनेच्या पुस्तकात नियम आहे की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये. तेव्हा आमच्या माणसांची किंमत लावू नका, हे त्यांचं म्हणणं त्या समाजाच्या न्यायबुद्धीला धरूनच होतं.

मग चुकलं कुठे?

इथे आपण दोन शब्द वेगळे करू : देणं आणि दोष. मराठीत आपण हा फरक बोलताना सहज करतो. बापाचं कर्ज मुलानं फेडलं, तर आपण त्याला भला माणूस म्हणतो. पण बापानं चोरी केली म्हणून मुलाला तुरुंगात घाला, असं कोणी म्हणालं तर आपण दचकतो. देणं हस्तांतरित होऊ शकतं, कारण त्याचा विषय एखादी वस्तू, जमीन किंवा दिलेला शब्द असतो. दोषाचा विषय एक कृती असते, आणि कृतीला कर्ता लागतो. कर्ता मेला तर कृती दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही.

गिबोन्यांना दिलेली शपथ हे देणं होतं. ती सगळ्या इस्राएलाच्या वतीनं घेतलेली होती, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या बंधनकारक होती. शौलाच्या गादीवर बसलेल्या दाविदावर ती आपोआप आली. दुष्काळही शौलाच्या घरापुरता पडला नाही, सगळ्या देशावर पडला, हे लक्षात घ्या. म्हणजे मजकुरानुसार जबाबदारी सगळ्यांची आहे. फेड करताना मात्र तिचं रूपांतर दोषात झालं आणि तो दोष सात डोक्यांवर ठेवला गेला. बाकी देश सुटला.

यावर कोणी म्हणेल, देवानंच शौलाच्या घराण्याचं नाव घेतलं ना? घेतलं, खरं आहे. काही टीकाकार म्हणतात की मुलांचाही त्या कत्तलीत हात असावा. पण मजकुरात तसं कुठेही नाही. पाच नातवांबद्दल तर ते आणखीच अवघड आहे. आणि दुसरी गोष्ट पाहा. दाविदानं देवाला विचारलं ते कारण. उपाय त्यानं देवाला विचारलाच नाही. उपाय विचारला गिबोन्यांना. त्यांनी आधी आडून उत्तर दिलं, सोनं-चांदी नको, आणि इस्राएलात कोणाला मारण्याचा आम्हाला अधिकार नाही. यावर, तुम्ही म्हणाल ते करतो, असं राजा मागणी ऐकण्याआधीच बोलून बसला. कोऱ्या कागदावर सहीच ती! यहोशवाच्या वेळी सरदारांनी देवाला न विचारता शपथ घेतली. आता राजानं देवाला न विचारता तिची फेड ठरवली.

निवडही बघा. योनाथानाचा मुलगा, शौलाचा नातू, त्याचंही नाव मफीबोशेथच. त्याला दावीद वाचवतो, कारण योनाथानाशी त्याची शपथ होती. एका मफीबोशेथाला शपथेनं वाचवलं, दुसरा शपथेपायी मेला. दोघांचं रक्त एकाच घराण्याचं. मग वंशावर दोष आहे म्हणायचं, तर वाचलेल्याचं काय? दोष खरोखर रक्तातून उतरत असता, तर त्यात असा अपवाद करता आला नसता. शिवाय सिंहासनावर हक्क सांगू शकेल असं जुनं घराणं यामुळे जवळजवळ संपलं, आणि त्याचा फायदा कोणाला झाला हे उघड आहे. शिमी नावाचा शौलाच्या कुळातला माणूस याच पुस्तकात दाविदाला खुनी म्हणून भर रस्त्यात शिव्या देतो. त्याच्या मनात हाच प्रसंग होता असं सांगता येत नाही, पण शौलाच्या लोकांना काय वाटत होतं, ते त्यातून दिसतं.

कायदा काय म्हणतो

हिब्रू बायबलमध्ये या प्रश्नावर एकच आवाज नाही. दहा आज्ञांमध्ये, निर्गमच्या विसाव्या अध्यायात, बापाच्या अधर्माचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देणारा देव आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मात्र स्पष्ट नियम आहे : मुलांच्या पापासाठी बापाला आणि बापाच्या पापासाठी मुलांना मृत्युदंड देऊ नये. पुढे अमस्या नावाचा यहूदाचा राजा बापाच्या मारेकऱ्यांना मारतो, पण त्यांच्या मुलांना सोडतो, आणि दुसरं राजे हे पुस्तक त्याचं कारण म्हणून हाच नियम सांगतं.

मग बाबेलचा बंदिवास येतो. देश गेला, माणसं परक्या मुलखात. तिथे एक म्हण सगळ्यांच्या तोंडी होती : बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात ही म्हण बंद करा म्हणतो. तो तीन पिढ्यांचं उदाहरण घेतो. बाप नीतिमान, मुलगा दुष्ट, नातू पुन्हा नीतिमान. प्रत्येकाचा हिशेब ज्याचा त्याचा. पुढे यहुदी धर्मपंडितांनी हा ताण लपवला नाही. तालमूदच्या मक्कोथ या भागात एक मत नोंदवलेलं आहे की मोशेनं जे ठरवून दिलं होतं, ते यहेज्केलानं येऊन रद्द केलं. आपल्याच ग्रंथातल्या दोन वचनांबद्दल असं बोलायला धाडस लागतं!

आपल्या कथेबद्दलही तालमूद गप्प बसत नाही. यबामोथ या भागात सरळ विचारलंय, बापासाठी मुलांना मारू नये असा नियम असताना हे कसं झालं? आणि प्रेत रात्रभर टांगून ठेवू नये, हाही नियम आहेच. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात. उत्तर असं दिलंय की देवाच्या नावाला उघड बट्टा लागण्यापेक्षा धर्मशास्त्रातलं एक अक्षर उपटलं गेलं तरी चालेल. परक्या, आश्रित लोकांना दिलेला शब्द इस्राएल मोडतो आणि त्याला शिक्षा होत नाही, असं जगाला दिसलं तर देवाचं नाव काय राहिलं? या उत्तरात नैतिक वजन आहे. दुर्बळ परक्यांच्या जिवाची किंमत राजपुत्रांच्या जिवाइतकी आहे, असं ते सांगतं. पण ते उत्तर हेही कबूल करतं की नियम मोडला गेला. एक नाही, दोन.

रिस्पा काय करते

आता रिस्पाकडे येऊ. याआधी ती एकदाच दिसते, तिसऱ्या अध्यायात. शौल मेल्यावर त्याचा मुलगा ईश-बोशेथ सेनापती अबनेरावर आरोप करतो की तू माझ्या बापाच्या उपपत्नीशी संबंध ठेवलास. त्या भांडणातून अबनेर दाविदाकडे वळतो, राज्याची दिशा बदलते. पण रिस्पा तिथे फक्त भांडणाचा विषय आहे. एकविसाव्या अध्यायात ती पहिल्यांदा स्वतः काही करते. आणि बोलत तर ती शेवटपर्यंत नाही. चौदा वचनांत दावीद बोलतो, गिबोनी बोलतात, देव बोलतो. आईच्या तोंडी एक शब्द नाही.

इथे ग्रीक वाङ्मयातली अँटिगनी आठवते. सोफोक्लीसचं ते नाटक इ.स.पू. पाचव्या शतकातलं. तिथेही राजाज्ञेनं प्रेत उघड्यावर टाकलेलं आहे आणि घरातली बाई ते सहन करत नाही. पण अँटिगनी राजाशी वाद घालते, अलिखित नियमांचा दाखला देते, त्यासाठी मरते. रिस्पा दाखला देत नाही. शौल निर्दोष होता असं ती म्हणत नाही, गिबोन्यांना शाप देत नाही, राजाच्या दारात जात नाही. आज्ञेत जे होतं ते होऊन गेलेलं आहे. तिच्या हातात उरलं ते एवढंच : पाखरं हाकलायची, जनावरं हाकलायची.

पण हे ‘एवढंच’ त्या समाजात काय होतं, ते पाहा. अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शापांची मोठी यादी आहे. त्यातला एक शाप असा, की तुझं प्रेत पाखरांचं आणि पशूंचं खाद्य होईल आणि त्यांना हुसकावणारा कोणी नसेल. शापाचा शेवटचा भाग लक्षात घ्या, हुसकावणारा कोणी नसणं. रिस्पा तो ‘कोणी’ होते. राज्यानं त्या सात जणांना शापाच्या हवाली केलं होतं. ती शापाचा एक भाग रोज, रात्रंदिवस, खोटा पाडत राहते. आणि त्या सातांत तिचे दोनच आहेत. बाकी पाच सवतीच्या नातवंडांतले. मजकूर सांगतो, ‘त्यांच्यावर’ पाखरं बसू दिली नाहीत. कोणाची कोणती प्रेतं, असा भेद त्यात कुठे नाही.

रिस्पा या शब्दाचा हिब्रूत एक अर्थ जळता निखारा असा आहे. नावावरून फार काही काढू नये हे खरं, पण ऐकणाऱ्या हिब्रूभाषकाला तो ऐकू येत असणार.

न्याय केव्हा पूर्ण झाला?

आता पुन्हा घटनाक्रम पाहू, कारण या कथेचं सगळं म्हणणं त्या क्रमात आहे, असं आम्हाला वाटतं. सात जण मारले गेले. त्यानंतर लगेच, देव प्रसन्न झाला, असं लिहिता आलं असतं. गिबोन्यांचा आणि राजाचा हिशेब तोच होता. पण कथाकार ते लिहीत नाही. तो रिस्पाला आणतो. मग पाणी पडतं. मग दाविदाला तिच्याविषयी कळतं. मग दफन. आणि मग देवानं विनवणी ऐकल्याचं वाक्य.

कोणी म्हणेल, पाऊस तर दफनाच्या आधीच आला! बरोबर आहे. पाऊस मृत्युदंडामुळे आला की रिस्पामुळे, हे मजकूर सांगत नाही, आणि तो दाविदाला दोषही देत नाही. तेव्हा आपणही त्याच्या तोंडी नको ते घालू नये. पण देवानं ऐकलं हे वाक्य कथाकारानं मृत्युदंडापाशी ठेवलेलं नाही, दफनापाशी ठेवलं आहे. आणि त्या दफनापर्यंत राजाला आणलं ते रिस्पानं.

तिच्यामुळे दावीद काय शिकतो, तेही पाहा. तो फक्त सात जणांना पुरत नाही. शौल आणि योनाथान यांच्या अस्थी तो याबेश-गिलादहून आणवतो. पलिष्ट्यांनी शौलाचं प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगलं होतं. याबेशचे लोक रातोरात चालत गेले आणि ते काढून आणलं, कारण खूप आधी शौलानं त्यांचं शहर अम्मोनी राजा नाहाशापासून वाचवलं होतं. म्हणजे याच शौलाच्या नावावर गिबोनमध्ये कत्तल आहे आणि याबेशमध्ये उपकार आहे. याबेशकरांनी उपकाराचं देणं कसं फेडलं? कष्ट घेऊन, धोका पत्करून, स्वतःच्या अंगावर ओढून. रिस्पानंही तेच केलं. आणि उशिरा का होईना, दाविदानंही. देणं फेडायची ती रीत आहे. दुसऱ्याचा मुलगा देऊन फेडलेलं देणं, हे फेडलेलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं जर्मनीच्या दोषाविषयी व्याख्यानं दिली. ती १९४६ साली पुस्तकरूपानं आली. त्यानं दोषाचे चार प्रकार केले : कायद्यानं ठरणारा, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिक. गुन्हा व्यक्तीचा असतो, त्यासाठी सगळ्या राष्ट्राला कोर्टात उभं करता येत नाही. पण आपल्या राज्यानं जे केलं त्याच्या परिणामांची राजकीय जबाबदारी नागरिकांना टाळता येत नाही. आपल्या कथेत नेमकी याच दोन गोष्टींची सरमिसळ झाली. राजकीय जबाबदारी सगळ्या इस्राएलाची होती. तिचा गुन्हा करून तो सात जणांच्या गळ्यात घातला.

याचा एक परिणाम आपल्या लक्षात सहसा येत नाही. या अध्यायात गिबोन्यांचं पुढे काय झालं, यावर अक्षर नाही. त्यांना सुरक्षिततेची नवी हमी मिळाली का? लाकूड-पाण्याचं काम सुटलं का? पुन्हा कोणी शौल उठणार नाही, याची व्यवस्था झाली का? काही नाही. सात जीव गेले आणि ज्यांच्यासाठी गेले त्यांच्या रोजच्या जगण्यात काय बदललं, हे सांगायची गरज कोणाला वाटली नाही. वारशानं आलेलं देणं शिक्षेच्या रूपात फेडलं की असं होतं. शिक्षा भोगणारे मरतात, आणि ज्याचं देणं होतं तो होता तिथेच राहतो.

म्हणून पूर्वजांच्या अन्यायाचा विषय निघतो तेव्हा दोन सोप्या वाटा टाळाव्यात. मी ते केलं नाही, माझा काय संबंध, ही एक वाट. ती गिबोन्यांची तक्रार पुन्हा गाडून टाकते. त्यांच्या मुलांना धडा शिकवा, ही दुसरी. ती रिस्पाला खडकावर बसवते. मधली वाट कष्टाची आहे. झालेलं नाव घेऊन सांगायचं, जे आपल्याकडे चालत आलंय त्यातलं परत करायचं, आणि ते आपल्याच पदरचं द्यायचं.

पुढच्या वेळी आपण यहेज्केलाचा अठरावा अध्याय सविस्तर वाचू. येण्याआधी शमुवेलाचा हा एकविसावा अध्याय एकदा वाचून या, आणि दाविदानं गिबोन्यांना दुसरं काय देता आलं असतं, याचं आपापलं उत्तर तयार ठेवा. चर्चेची सुरुवात तिथूनच करू.